न्हाणीघराच्या टाइल्स : पहिली टाइल बसण्याआधीचे काम

गंगाखेड : प्रतिनिधी

नव्या घराचे प्लास्टर वाळते, टाइल्सची खोकी दारात उतरतात आणि एके दिवशी सकाळी मिस्त्री विचारतो, ‘मालक, कुठून सुरुवात करू?’ बहुतेक घरांत या प्रश्नाला ‘करा तुमच्या हिशेबाने’ हेच उत्तर मिळते. मिस्त्रीचा हिशेब सरळ असतो. हाताला सोयीचा कोपरा धरायचा, तेथून पूर्ण टाइल्स लावत जायच्या आणि दुसऱ्या टोकाला जी जागा उरेल ती तुकडे कापून भरायची. काम संपल्यावर मात्र दार उघडताच समोर बोटभर रुंदीची कापलेली पट्टी दिसते, नळ सांध्यापासून इंचभर बाजूला सरकलेला असतो आणि सांडलेले पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराच्या कोपऱ्यात साचते. टाइल्स चांगल्या असतात, मिस्त्रीही कसबी असतो. चुकलेली असते ती आखणी.

भिंतीचा रंग नावडता निघाला तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. न्हाणीघराच्या टाइल्सचे तसे नाही. त्या काढायच्या म्हणजे खालचा कोबा आणि पाणीरोधक थर दुखावतो, नळजोडण्या उघड्या पडतात आणि घरातील माणसांची काही दिवस तरी गैरसोय होते. म्हणून एकदा बसलेली टाइल पंधरा-वीस वर्षे घरच्यांची सोबत करते. तिच्या आखणीसाठी एक दुपार आणि एक कागद खर्च करण्यास हरकत नसावी.

घाटावरून घरात

गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. नदीचे स्नान येथील माणसाला परके नाही. जुन्या घरांतून स्नानाची जागा म्हणजे परसातील किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील मोरी असे. तिला शहाबादी फरशी आणि वीत-दीड वीत उंचीचा कट्टा असे. हा दगड आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या शहाबाद भागातून येतो. १९४८ पर्यंत शहाबाद आणि गंगाखेड ही दोन्ही गावे हैदराबाद संस्थानातच होती.

शहाबादी फरशीच्या मोरीला आखणीची फारशी गरज नव्हती. दगड खडबडीत, सांधे रुंद, आणि भिंतीला चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा. पुढे पांढऱ्या चौकोनी ग्लेझ्ड टाइल्स आल्या आणि गुजरातमधील मोरबीचा उद्योग वाढला तसे मोठ्या आकाराच्या, चित्रमय आणि चकचकीत टाइल्स तालुक्याच्या दुकानांतही मिळू लागल्या. टाइल जितकी मोठी आणि सरळ कडेची, तितकी आखणीतली चूक ठळक दिसते. आठ इंची टाइलमध्ये खपून जाणारा दोष दोन फुटी टाइलमध्ये लपत नाही.

नियमांची चौकट

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र न्हाणीघर किमान १.८ चौरस मीटरचे असावे आणि शौचालय त्यातच असेल तर जागा २.८ चौरस मीटरहून कमी नसावी. न्हाणीघराच्या भिंती जमिनीपासून किमान १ मीटर उंचीपर्यंत गुळगुळीत व पाणी न शोषणाऱ्या पदार्थाने मढविलेल्या असाव्यात, असेही संहिता सांगते. प्रत्यक्षात आपल्याकडे सात फुटांपर्यंत, म्हणजे दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत टाइल्स लावण्याची पद्धत रूढ आहे. टाइल्ससाठी भारतीय मानक १५६२२ आणि त्या चिकटविण्याच्या अ‍ॅढेसिव्हसाठी भारतीय मानक १५४७७ लागू आहे. खरेदी करताना खोक्यावर आणि गोणीवर हे क्रमांक पाहून घ्यावेत.

भिंतीची टाइल वेगळी, जमिनीची वेगळी

दुकानात रंग आधी पाहिला जातो, पाणी शोषण्याचा गुण शेवटी. क्रम उलटा असावा. भिंतीच्या ग्लेझ्ड सिरॅमिक टाइल्स वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकतात. त्या सिमेंटच्या मालावर लावायच्या असतील तर आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते. तिला सिमेंटचा माल नीट धरत नाही, म्हणून ती अ‍ॅढेसिव्हनेच लावणे योग्य.

जमिनीसाठी टाइलचा घसरडेपणा पाहावा. जर्मन मानकाप्रमाणे टाइल्सना ‘आर-९’ ते ‘आर-१३’ अशी प्रत दिली जाते. आकडा वाढतो तशी पकड वाढते. न्हाणीघराच्या ओल्या जमिनीसाठी ‘आर-१०’ किंवा त्यावरची प्रत घ्यावी. बैठकीच्या खोलीतून उरलेल्या चकचकीत टाइल्स न्हाणीघराच्या जमिनीला लावण्याचा मोह काटकसरीचा वाटतो. पण साबणाच्या पाण्यावर घरातील आजी-आजोबांचा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले, तर त्या काटकसरीचा हिशेब कशाशीच जुळत नाही.

आणखी एक स्थानिक बाब म्हणजे पाणी. मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते सुकले की टाइलवर पांढरे डाग राहतात. काळ्या आणि गडद निळ्या चकचकीत टाइल्सवर ते सर्वांत आधी दिसतात. नळाभोवतीच्या पट्ट्यात फिकट, किंचित खरबरीत पृष्ठभागाची टाइल घेतल्यास घासण्याचे श्रम कमी होतात.

फूट आणि तीनशे मिलिमीटर

आखणीतली निम्मी फसगत मापाच्या नावातून होते. बाजारात ‘एक बाय दोन’ म्हणून ओळखली जाणारी टाइल प्रत्यक्षात ३०० बाय ६०० मि.मी. असते. फूट मात्र ३०५ मि.मी.चा असतो. सांध्याचे ३ मि.मी. धरले तरी दर फुटामागे सुमारे २ मि.मी.चा फरक उरतो. एका टाइलला तो जाणवत नाही. भिंतीच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याची पट्टी झालेली असते.

उदाहरणासाठी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद असे शौचालयासह न्हाणीघर घेऊ. गंगाखेडसारख्या गावातील नव्या घरांत हे माप अपरिचित नाही. प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत ते २१३४ बाय १५२४ मि.मी. भरते. क्षेत्र सुमारे ३.२५ चौरस मीटर, म्हणजे संहितेच्या मर्यादेत बसणारे.

दारासमोरची भिंत पाच फुटांची. एका कोपऱ्यापासून ३०० मि.मी. रुंदीच्या उभ्या टाइल्स ३ मि.मी. सांध्याने लावत गेलो तर पाच टाइल्स पूर्ण बसतात आणि शेवटी ९ मि.मी.ची पट्टी उरते. एवढा बारीक तुकडा टाइलमधून नीट कापता येत नाही, कापला तर टिकत नाही. मग मिस्त्री तेथे पांढरे सिमेंट भरतो आणि काही महिन्यांत ते काळे पडते. सात फुटांच्या भिंतीवर तशीच १३ मि.मी.ची पट्टी उरते.

मध्यरेषेचा उपाय

यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. भिंतीची मध्यरेषा ओळंब्याने काढावी आणि आखणी मध्यापासून दोन्ही बाजूंना न्यावी. मध्यरेषेवर टाइलचा मध्य ठेवायचा की सांधा, हे दोन्ही पर्याय मोजून पाहावेत. ज्या पर्यायात दोन्ही टोकांना सारखे आणि निम्म्या टाइलहून मोठे तुकडे येतात, तो घ्यावा.

आपल्या पाच फुटांच्या भिंतीवर टाइलचा मध्य मध्यरेषेवर ठेवला तर पाच पूर्ण टाइल्स बसून दोन्ही कडांना जेमतेम ६ मि.मी. जागा उरते, तो पर्याय बाद. सांधा मध्यरेषेवर ठेवला तर मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन-दोन पूर्ण टाइल्स आणि टोकांना सुमारे १५५ मि.मी.चे सारखे तुकडे येतात. सात फुटांच्या भिंतीवर सांधा मध्यावर घेतल्यास बाजूला तीन-तीन पूर्ण टाइल्स आणि टोकांना १५६ मि.मी.च्या आसपासचे तुकडे मिळतात. डोळ्याला ही मांडणी समतोल वाटते आणि कापलेली कड कोपऱ्यात जाते.

कोणती भिंत आधी लावायची, यावरही गणित बदलते. अ‍ॅढेसिव्हने लावलेली टाइल भिंतीपासून साधारण १२ मि.मी. पुढे येते, सिमेंटच्या मालावर हीच जाडी पाऊण ते एक इंच होते. दोन्ही बाजूंच्या भिंती आधी अ‍ॅढेसिव्हने लावल्या तर समोरच्या भिंतीसाठी १५२४ ऐवजी १५०० मि.मी. उरतात. मग चार पूर्ण टाइल्स आणि २८८ मि.मी.ची एक, अशा पाचच टाइल्समध्ये ओळ पूर्ण होते. शेवटच्या टाइलचे बारा मिलिमीटर छाटले गेले आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मालावर काम करायचे असेल तर हाच हिशेब पुन्हा मांडावा लागेल. म्हणून भिंतींचा क्रम आणि चिकटविण्याची पद्धत ठरल्याशिवाय आखणी पक्की करू नये.

हे सारे करण्याआधी खोली काटकोनात आहे का, ते तपासावे. मोठा गुण्या कोपऱ्यात लावून पाहावा, किंवा कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फूट खूण करून दोन खुणांतील अंतर बरोबर ५ फूट भरते का, ते मोजावे. ते कमी-जास्त असेल तर दोष प्लास्टरने दुरुस्त करून घ्यावा. वाकड्या भिंतीवर सरळ टाइल लावली की तुकडे वरून खाली निमुळते होत जातात आणि वाकडेपणा जाहीर होतो.

उंचीचा हिशेब वरून खाली

लांबीचा हिशेब मध्यापासून करायचा, उंचीचा वरून. दाराच्या चौकटीची वरची कड २१०० मि.मी. उंचीवर धरू. ६०० मि.मी. उंचीच्या तीन पूर्ण ओळींना सांध्यांसह सुमारे १८१० मि.मी. लागतात. उरलेली सुमारे २९० मि.मी.ची कापलेली ओळ सर्वांत खाली घ्यावी. बादली, पिंप, कमोड यांच्या आड ती झाकली जाते. त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे न्हाणीघराची जमीन उतरती असते. भिंतीची खालची कड उताराप्रमाणे तिरपी कापावी लागणारच, मग ती कापायच्या ओळीतच कापलेली बरी.

यासाठी सर्व भिंतींवर पाण्याच्या नळीने एकच समपातळीची रेषा मारून घ्यावी. त्या रेषेवर खालून दुसऱ्या ओळीची बूड येईल अशी सरळ लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकावी आणि वरच्या ओळी आधी लावाव्यात. नंतर जमिनीची फरशी आणि शेवटी भिंतीची सर्वांत खालची ओळ, जमिनीच्या फरशीवर टेकवून. असे केल्याने भिंतीवरून ओघळणारे पाणी जमिनीवरच पडते, भिंतीमागे शिरत नाही.

उतार आणि जाळी

जमिनीची आखणी नहाणी ट्रॅपच्या जाळीपासून सुरू होते. जाळी दारापासून दूर, स्नानाच्या जागेकडे असावी. उतार साठास एक, म्हणजे दर फुटाला ५ मि.मी. ठेवावा. आपल्या सात फुटांच्या खोलीत जाळी दूरच्या टोकाला असेल तर दारापासून तेथपर्यंत सुमारे ३५ मि.मी. उतरण येते. भिंतीची सर्वांत खालची ओळ दाराजवळ २९० मि.मी. असेल तर जाळीजवळ ती ३२५ मि.मी. होईल, हे लक्षात ठेवावे. न्हाणीघराची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा पाऊण ते एक इंच खाली असावी किंवा दारात दगडी उंबरा असावा. उंबरा फार उंच केल्यास वयस्कर माणसांना ठेच लागते.

उतार चारही बाजूंनी जाळीकडे येणार असेल तर लहान टाइल सोयीची. ३०० बाय ३०० मि.मी.ची टाइल उताराशी जुळवून घेते. दोन बाय दोन फुटी टाइल वाकत नसल्याने ती चार कोपऱ्यांतून तिरपी कापावी लागते किंवा तिची एखादी कड वर राहून पायाला लागते. मोठीच टाइल हवी असेल तर एका भिंतीलगत लांबट जाळीची पन्हळ घेऊन उतार एकाच दिशेने द्यावा. चौकोनी जाळी टाइलच्या मधोमध किंवा चार टाइल्सच्या सांध्यावर यावी. त्यासाठी ट्रॅप बसविण्याआधीच आखणी झालेली हवी.

भिंतीचे आणि जमिनीचे सांधे एका रेषेत हवे असतील तर दोन्हीकडे टाइलची रुंदी, सांध्याची रुंदी आणि मध्यरेषा एकच ठेवावी. भिंतीला २ मि.मी. आणि जमिनीला ३ मि.मी. सांधा ठेवला तर प्रत्येक टाइलमागे १ मि.मी.चा फरक पडतो आणि कोपऱ्यापर्यंत जाता सांधे चुकलेले दिसतात. जुळवणे शक्य नसेल तर जमिनीला सरळच वेगळ्या मापाची टाइल घ्यावी. जुळता जुळता हुकलेल्यापेक्षा ठरवून वेगळे केलेले बरे दिसते.

पिंपाची जागा

शॉवरखालच्या स्नानासाठी केलेली आखणी बादली-तांब्याच्या स्नानाला पुरतेच असे नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा काय आणि आता काय, मराठवाड्यातील घरांत पाणी साठविण्याचे पिंप न्हाणीघरातून हललेले नाही. आखणीत त्याला जागा द्यायला हवी. पिंप जाळीवर किंवा उताराच्या वाटेत ठेवले की पाणी अडते आणि बुडाशी शेवाळ धरते. दाराच्या बाजूच्या, म्हणजे उताराच्या वरच्या कोपऱ्यात दोन टाइल्स रुंदीचा, तीन-चार इंच उंचीचा टाइल लावलेला ओटा करून त्यावर पिंप ठेवल्यास खालची जमीन धुता येते. कपडे घरीच धुतले जात असतील तर त्या जागेचा नळ आणि दगडही याच वेळी ठरवावा.

नळ, कोनाडा, आधारदांडा

भिंतीच्या आत जाणारे पाइप टाइल्सच्या आधी बसतात, म्हणून टाइल्सची आखणी पाइपांच्याही आधी व्हावी. गरम व थंड पाण्याच्या मिक्सरच्या दोन तोंडांतील अंतर साधारण १५० मि.मी. असते. त्यांचा मध्य सांध्यावर किंवा टाइलच्या मध्यरेषेवर आणावा. साबण-शाम्पूचा कोनाडा टाइलच्या मापाच्या पटीत घेतला तर त्याच्याभोवती तुकडे येत नाहीत. त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा.

वयस्करांसाठी कमोडशेजारी आणि स्नानाच्या जागी आधाराचा दांडा आज लावायचा नसला, तरी त्याची जागा आखणीत दाखवावी. तेथे विटांची भरीव भिंत आहे ना आणि मागे पाइप नाही ना, याची नोंद व छायाचित्र ठेवावे. पुढे कधी भोक पाडण्याची वेळ आली की हा कागद सोन्यासारखा उपयोगी पडतो.

टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे

टाइल पाणी अडवते, हा समज सर्वत्र आहे. टाइल अडवतेही, सांधे अडवत नाहीत. सिमेंटचा ग्राउट हळूहळू पाणी आत घेतो. पाणी थोपवायचे काम खालच्या थराचे, म्हणजे विटांच्या कोब्याचे किंवा रासायनिक लेपाचे असते. हा थर भिंतीवरही किमान फूटभर वर चढवलेला असावा. तो पूर्ण झाल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरून ठेवावे आणि २४ ते ४८ तास खालच्या छतावर व शेजारच्या भिंतीवर ओल येते का, ते पाहावे. ही परीक्षा झाल्याशिवाय टाइलला हात लावू देऊ नये. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती खालच्या माणसाच्या छतावर उतरते आणि मग प्रश्न केवळ फरशीचा न राहता शेजारधर्माचा होतो.

गोदाकाठच्या काळ्या मातीचाही विचार करावा लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंती किंचित हलतात आणि बिनसांध्याच्या, एकमेकींना चिकटवून लावलेल्या टाइल्स तडकतात किंवा फुगून वर येतात. ‘सांधा दिसू नये’ हा हट्ट म्हणून सोडावा. प्लास्टिकचे स्पेसर वापरून ३ मि.मी. सांधा राखावा आणि भिंत-जमीन तसेच भिंत-भिंत कोपऱ्यांत कडक ग्राउटऐवजी लवचीक सिलिकॉन सीलंट भरावे. स्नानाच्या जागी एपॉक्सी ग्राउट महाग पडला तरी डाग आणि पाणी दोन्ही कमी धरतो.

किती टाइल्स मागवाव्यात?

‘क्षेत्रफळ काढा आणि दहा टक्के वाढवा’ हा दुकानातील नेहमीचा सल्ला. आपल्या उदाहरणात चार भिंतींचे क्षेत्र, अडीच फुटी दार वजा जाता, सुमारे १३.८ चौरस मीटर होते. एक बाय दोनच्या ७७ टाइल्स आणि दहा टक्के धरून ८५. आता तुकड्यांनी मोजू. सांधा मध्यावर घेतल्यास पाच फुटांच्या भिंतीला ओळीमागे ६ आणि सात फुटांच्या भिंतीला ८ टाइल्स लागतात, कारण १५५ मि.मी.चा तुकडा कापल्यावर उरलेला भाग दुसऱ्या टोकाला पुरत नाही. चार भिंतींच्या एका ओळीला २८, त्यातून दाराच्या दोन वजा केल्या तर २६. चार ओळींना १०४. खालच्या ओळीत एका टाइलचे दोन तुकडे निघाले तरी संख्या ९१ च्या खाली येत नाही.

म्हणजे ८५ टाइल्स आणणारा गृहस्थ काम अर्ध्यात असताना पुन्हा दुकानात जाणार. तेव्हा त्याच नावाची टाइल मिळाली, तरी त्याच भट्टीची मिळेल याची खात्री नसते. खोक्यावर छटेचा आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो. सर्व खोक्यांवर तो एकच आहे हे उतरवून घेतानाच पाहावे. पूर्ण हिशेबावर चार-सहा टाइल्स जास्त घेऊन काम झाल्यावर जपून ठेवाव्यात. पुढे पाइप दुरुस्तीला भिंत फोडावी लागली तर त्याच कामी येतात.

मिस्त्रीच्या हाती कागद

एवढा विचार झाल्यावर तो मिस्त्रीशी बसून कागदावर उतरवावा. चार भिंतींची चार चित्रे आणि जमिनीचे एक. प्रत्येकावर मध्यरेषा, पूर्ण टाइल्स, तुकड्यांची मापे, नळांच्या जागा, जाळी आणि उताराची दिशा दाखवावी. नंतर जमिनीवर एक ओळ लांबीने व एक रुंदीने, काहीही न चिकटवता, स्पेसरसह कोरडी मांडून पाहावी. दारात उभे राहून आणि कमोडच्या जागी बसून ती न्याहाळावी. कागदावर न दिसलेली चूक येथे दिसते आणि ती दुरुस्त करायला पैसे पडत नाहीत. अनुभवी मिस्त्री या वेळी चार गोष्टी सुचवतो, त्या ऐकाव्यात. मजुरी ठरवताना तिरप्या कापांचे व कोनाड्याचे काम वेगळे बोलून घ्यावे, म्हणजे पुढे वाद होत नाही.

काम चालू असताना तीन परीक्षा घ्याव्यात. टाइल बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर नाण्याने टकटक करावी. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही, ती टाइल तेव्हाच काढून पुन्हा लावून घ्यावी. ग्राउट भरण्याआधी दाराजवळ बादलीभर पाणी ओतून ते न थांबता जाळीपर्यंत जाते का, ते पाहावे. आणि काम संपल्यावर जमीन ओली करून अनवाणी चालून बघावे.

यातील कोणतीही परीक्षा खर्चिक नाही आणि कोणत्याही आकडेमोडीला शाळेतल्या बेरीज-भागाकाराहून अधिक काही लागत नाही. मिस्त्री चार दिवसांत काम आटोपून दुसऱ्या घरी जाईल. त्या जमिनीवर रोज पहाटे अनवाणी पाय ठेवणार आहेत ती घरची माणसे. तेव्हा पुढच्या वेळी मिस्त्रीने ‘कुठून सुरुवात करू?’ असे विचारले, तर त्याच्या हाती मध्यरेषा काढलेला कागद द्यावा.